उंबरा माळ्यावर आहे

घरमालकीण बाईंनी किल्ली हातात देताना दोनच अटी घातल्या. भिंतींना खिळे ठोकायचे नाहीत, आणि घर सोडताना उंबरा होता तसा बसवून द्यायचा. पहिली अट मी मोडली. दुसरी पाळायची वेळ अजून आलेली नाही. सागवानी उंबरा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या मदतीला येणाऱ्या मावशी स्टुलावर चढून त्याला वाळवी लागली नाही ना, ते बघतात.

उंबरा काढणार म्हटल्यावर आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती. बिनउंबऱ्याचं घर ही कल्पनाच तिला सोसेना. सणावाराला हळदकुंकू वाहायचं कुठे? प्रश्न दीड इंचाचा होता. चालत्या माणसाच्या तो लक्षातही येत नाही. माझ्या खुर्चीची पुढची बारकी चाकं मात्र त्याला अडतात, खुर्ची जागच्या जागी थांबते आणि मी पुढे झुकते ती झुकतेच, कारण स्वतःला सावरायला पोटाचे स्नायू लागतात आणि ते माझं ऐकत नाहीत. शेवटी सुतारानेच तोड काढली. उंबऱ्याच्या जागी फरशीशी सपाट अशी पितळी पट्टी बसवून दिली. आई शनिवारी येते तेव्हा त्या पट्टीलाच हळदकुंकू लावते. मग दिवसभर माझ्या चाकांबरोबर हळदीच्या दोन रेघा घरभर फिरतात.

हे नाशिकच्या इंदिरानगरातलं तळमजल्यावरचं भाड्याचं घर. मी इथे ‘एकटी’ राहते असं नातेवाईक म्हणतात, ते काही खरं नाही. सकाळी एक मावशी असतात, संध्याकाळी दुसऱ्या. रात्री कॉलेजात शिकणारी एक मुलगी मुक्कामाला असते. तिने भाडं द्यायचं नाही, मी हाक मारली की माझी कूस बदलून द्यायची, असा आमचा करार. घरात इतकी वर्दळ की कधी कधी वाटतं, जरा एकटं राहायला मिळालं तर बरं. पण दिवा किती वाजता मालवायचा ते मी ठरवते. एवढ्यासाठी मी पंचवटीतून इथे आले, असं सांगितलं तर लोकांना ते कारण फार किरकोळ वाटतं.

2006 च्या नोव्हेंबरात त्र्यंबक रोडवर माझ्या दुचाकीला अपघात झाला. मी 22 वर्षांची होते. मानेतल्या सहाव्या मणक्याशी मज्जारज्जू दुखावला. मनगटं उचलता येतात, बोटं नाही. त्या डिसेंबरात मी कवटीला चिमटे आणि त्यांना वजनं अशा थाटात हॉस्पिटलच्या छताकडे बघत पडले होते. त्याच महिन्यात, 13 तारखेला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला. त्यातलं 19 वं कलम म्हणतं की कुठे राहायचं आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडायचा हक्क अपंग माणसालाही इतरांइतकाच आहे. भारताने 1 ऑक्टोबर 2007 ला तो करार मान्य केला. तोवर मी घरी परत आले होते. दुसरा मजला, लिफ्ट नाही, 34 पायऱ्या. कराराची बातमी त्या पायऱ्या चढून माझ्यापर्यंत यायला दहा वर्षं लागली.

त्या पायऱ्यांनी माझं आयुष्य पंधरा वर्षं चालवलं. खाली उतरायचं तर चार माणसं लागत. बाबा, दादा, खालचा इस्त्रीवाला आणि चौथा जो सापडेल तो. पहिल्या वर्षी फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा उतरायचे, मग महिन्यातून एकदा, मग फक्त हॉस्पिटल, दाखले आणि अगदी जवळच्यांची लग्नं. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग माणसं मोजली गेली. त्यातली एक मी. म्हणजे बाबांनी दारात उभं राहून माहिती दिली आणि मी आतल्या खोलीतून ऐकली. मोजणीला आलेल्या बाईंनी पेन बंद केल्याचा आवाज आला तेवढ्यावरून कळलं की माझं झालं.

अमेरिका-युरोपातल्या अपंगांच्या चळवळीबद्दल वाचताना एक गोष्ट सतत येते. ती माणसं अपंगांना ठेवून घेणाऱ्या मोठमोठ्या संस्थांच्या भिंतींशी लढली. आपल्याकडे तशा संस्थांमध्ये मुळात फार थोडी माणसं आहेत. बाकीच्यांची संस्था म्हणजे घरच. तिथे पहारेकरी नसतो, आई असते. आंघोळ बाबा ऑफिसला जायच्या आत, कारण उचलायला ते लागायचे. चहा किती प्यायचा ते लघवीच्या पिशवीच्या हिशोबाने. मी कधी झोपायचं हे आईची कंबर ठरवायची. साडेनऊला तिला मला पलंगावर घेणं झेपायचं, अकराला नाही. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. तिची कंबर खरोखरच गेली, मणक्याची चकती सरकली, पट्टा बांधून ती मला उचलत राहिली. अशा माणसाला कसं म्हणायचं की मला अजून झोपायचं नाहीये?

बाबा 2018 मध्ये गेले. इस्त्रीवाल्याने दुकान हलवलं. दादा पुण्याला. चार माणसांची जुळणी संपली, आणि घरात ‘पुढे काय’ ही कुजबुज सुरू झाली. हा प्रश्न अपंग मुलं असलेल्या घराघरांतून आईबाप रात्री एकमेकांना विचारतात. आमच्याकडे दादाने तो दिवसाउजेडी विचारला, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. उत्तरही तोच घेऊन आला होता. शहराबाहेर एक चांगली संस्था आहे, आपण बघून तर येऊ.

गेलो. संस्था खरंच चांगली होती. स्वच्छ, झाडं लावलेली, चालवणारे लोक मनापासून करणारे. व्हरांड्यात दिनक्रमाचा फलक होता. साडेपाचला उठणे इथपासून साडेआठला दिवे बंद इथपर्यंत. शेजारी दुसरा फलक, त्या महिन्यातल्या अन्नदात्यांचा. कुणाचा वाढदिवस, कुणाचं वर्षश्राद्ध, त्या त्या दिवशी त्यांच्या तर्फे जेवण. त्या दिवशी नाशिकमधल्या कुणा चिमुकलीचा पहिला वाढदिवस होता आणि श्रीखंड-पुरी होती. माझ्या शेजारी बसलेल्या, बरीच वर्षं तिथे असलेल्या एका बाईंना मी सहज विचारलं, तुम्हाला श्रीखंड आवडतं का? त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाल्या, “चालतं.”

परतताना गाडीत दादा झाडांचं कौतुक करत होता आणि माझ्या डोक्यात तो एकच शब्द होता.

संस्थांविषयी कडवटपणाने लिहिणं सोपं आहे. ते मला करायचं नाही. बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं तेव्हा कुष्ठरोग झालेल्या माणसाला गावाने हाकलूनच दिलेलं असायचं. त्याला गावात राहायचा हक्क आहे म्हणणारं कुणी नव्हतं. आजही ज्याला घर नाही त्याला छप्पर देणाऱ्यांबद्दल मी वाकडं बोलणार नाही. मराठी माणूस या कामांना भरभरून देतो. आम्हीही बाबांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला एका ठिकाणी जेवण दिलं होतं. पण देताना आपण गृहीत धरतो की अशा माणसांची जागा तिथे, आपली इथे, आणि वर्षातून एकदा आपण भेटायला जायचं. शेजारच्या फ्लॅटमध्ये ते राहायला आले तर आपण काय करतो, ते मला घर शोधताना कळलं.

त्या आधी रात्री मोबाइलवर वाचता वाचता मला अमेरिकेतला एड रॉबर्ट्स भेटला. चौदाव्या वर्षी पोलिओ, मानेखाली जवळजवळ काहीच हलेना, रात्री लोखंडी फुप्फुसात, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या पिंपासारख्या यंत्रात, झोपायचं. 1962 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण साडेतीनशे किलोंच्या वर वजनाचं ते धूड वसतिगृहाला पेलणार नव्हतं. म्हणून विद्यापीठाच्याच हॉस्पिटलात त्याला खोली दिली. त्याच्यामागोमाग त्याच्यासारखे आणखी आले आणि हॉस्पिटलच्या त्या मजल्याचं वसतिगृह झालं. 1972 मध्ये या लोकांनी गावात आपलं केंद्र काढलं, अपंगांनी अपंगांसाठी चालवलेलं. ज्या सरकारी खात्याने ‘हा कधी नोकरी करू शकणार नाही’ म्हणून त्याला मदत नाकारली होती, पुढे त्याच खात्याचा तो प्रमुख झाला. हा शेवटचा भाग ऐकून लोक टाळ्या वाजवतात. माझं लक्ष दुसरीकडे होतं. ही मुलं आपले मदतनीस आपण निवडायची, आपण शिकवायची आणि पटलं नाही तर आपणच काढायची. हे मी त्या रात्री तीनदा वाचलं.

आम्हाला स्वावलंबनाचे धडे फार दिले जातात. पायावर उभं राहा म्हणतात, मी म्हणते राहिले असते हो. मी एकदा स्वतःचे कपडे स्वतः घालून दाखवले आहेत. अंगठ्याला लूप, दातांत कापड, पलंगाच्या कडेला टेकून. दोन तास वीस मिनिटं लागली, थेरपिस्टनी टाळ्या वाजवल्या आणि मी उरलेला दिवस आडवी होते. आता मावशी मला वीस मिनिटांत तयार करतात आणि मी नऊ वाजता कामाला बसते. कुठला कुर्ता ते मी सांगते. मला वाटतं आपण ‘स्वतः करणं’ आणि ‘स्वतः ठरवणं’ यांची फार गल्लत करतो. मंत्री स्वतः गाडी चालवत नाही. त्याला कुणी परावलंबी म्हणत नाही.

मी सातपूर-अंबडच्या छोट्या कारखानदारांची जीएसटीची रिटर्न्स भरते. हाताला पट्टा, पट्ट्यात काडी, काडीने कीबोर्ड. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास माझ्याशी कुणी बोलू नये. या कामाच्या जोरावर मी दादाला फोन करून सांगितलं की मी भाड्याने राहणार. त्याने सगळी कारणं सांगून झाल्यावर मी त्याला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 वाचून दाखवलं. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि अमुकच प्रकारच्या निवासात राहण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “मला कलमं सांगतेस?” पण पुढच्या रविवारी टेप घेऊन आला.

टेप का, तर खुर्ची 25 इंच रुंद आहे. कुठल्याही घरातलं सगळ्यात अरुंद दार बाथरूमचं असतं, हे तुम्ही कधी मोजलं नसेल. पाहिलेल्या बहुतेक घरांत ते 24 इंच निघालं. ज्या घरांची दारं मोठी, तिथले मालक छोटे. “एकट्या बाईला देत नाही.” “घरातलं कुणी सोबत राहणार असेल तर बघू.” “काही झालं तर जबाबदारी कुणाची?” हा शेवटचा प्रश्न मला सतरा घरांत विचारला गेला असेल, आणि तोही मला नाही, शेजारी उभ्या दादाला. एका एजंटने घर न दाखवताच सांगितलं की सोसायटीत लहान मुलं आहेत, घाबरतील. अठराव्या घरी या बाई भेटल्या. त्यांनी मला विचारलं, “भाडं वेळेवर द्याल ना?” इतका सुंदर प्रश्न मला कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता.

इथेही बाथरूमचं दार 24 च होतं. चौकट बाहेर काढून पडदा लावला, काम भागलं. बाहेर दोन पायऱ्या, मिळून बारा इंच. नियम असा की एक इंच चढायला बारा इंच उतार हवा, म्हणजे बारा फूट. अंबडच्या फॅब्रिकेटरने आधी पाच फुटी पत्र्याचा ठोकून दिला होता. ती घसरगुंडी होती. परत पाठवली. दुसऱ्यांदा तो स्वतः खुर्चीत बसून खाली आला, एकदाच, आणि मग निमूटपणे बारा फुटी करून दिला.

सकाळी सातला मावशी येतात. पहिले सहा महिने आमचं भांडण व्हायचं. त्या आधी आजारी म्हाताऱ्यांकडे काम करत, त्यामुळे त्यांना ‘पेशंट’ची सवय होती. “ताई, आज गारठा आहे, डोकं नको धुवायला.” “ताई, रात्री वांगं खाल्लं तर वात होईल.” मी म्हणायचे होऊ दे. आता आमचा एक क्रम बसलाय. आधी ब्रेक, मग माझे पाय फळीवरून खाली, मग त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना अडसर, मग कमरेचा पट्टा धरून “घेऊ?” असं त्या विचारतात. मी “घ्या” म्हटल्याशिवाय उचलत नाहीत. हा एक शब्द शिकवायला मला दोन महिने लागले आणि पंधरा वर्षांत तो मला कुणी विचारला नव्हता. आईनेसुद्धा नाही, आई कशाला विचारेल?

माझं हे स्वातंत्र्य दोन बायांच्या कमरेवर उभं आहे, याचा मला विसर पडत नाही. पडला तर मावशीच आठवण करून देतात. आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा बोनस, मुलीच्या लग्नाला उचल. आईला मी पगार देत नव्हते, म्हणून सुट्टीही देत नव्हते. मदतीवर माझे महिन्याला चोवीस हजार जातात. मिळकत बरी आहे म्हणून जातात. माझ्यासारखीच मान मोडलेली मुलगी इगतपुरीच्या पाड्यावर असेल तर तिचं काय? तिच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. दिव्यांगांसाठी ती 2025 मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार रुपये महिना झाली, आणि त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवं. योजनेच्या नावातच निराधार आहे. आधार विकत घेता येईल एवढे पैसे त्यात नाहीत. 2016 च्या कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी मदतनिसाचा भत्ता लिहिलेला आहे, कलम 24 मध्ये. माझ्या हातात तो आजवर पडलेला नाही. स्वीडनमध्ये 1994 पासून असा कायदा लागू आहे की सरकार मदतीच्या तासांचे पैसे त्या माणसासाठी देतं आणि मदतनीस कोण ठेवायचा ते तो ठरवतो. संस्था बांधायला आपल्याकडे जमीन, देणगी, भूमिपूजन सगळं जमतं. मावशींच्या पगारासाठी भूमिपूजन करता येत नाही, अडचण बहुतेक तीच असावी.

दुसऱ्या वर्षी मी चूक केली. जुलैची 20 तारीख, एका कारखानदाराची बिलं जुळेनात, मी अकरा तास सलग बसले. मावशी दोनदा म्हणाल्या, जरा आडव्या व्हा. मी ऐकलं नाही. माझ्या अंगाला दुखतं ते मला कळत नाही, कातडीला मात्र कळतं. बेडसोर झाला, सहा आठवडे पालथी पडून काढले. दादा आला, पलंगाशी बसला आणि म्हणाला, म्हणून म्हणत होतो. मी गप्प राहिले, कारण तो चुकीचं बोलत नव्हता. पण पालथं पडलं की विचार करायला वेळ भरपूर. दादाने त्याच्या आधीच्या वर्षी मित्राच्या सांगण्यावरून शेअर बाजारात अडीच लाख घालवले होते. वहिनी आठ दिवस बोलली नाही. त्याला आश्रमात ठेवण्याचा विषय मात्र घरात कुणी काढला नाही. (हा लेख मी त्याला आधी वाचून दाखवलाय. रक्कम जरा कमी लिही म्हणाला. नाही लिहिली.)

नाशिकला पूर आला की लोक गंगेवर जातात. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं, ते बघायचं, कुणाला तरी फोन करून सांगायचं आणि भजी खाऊन घरी यायचं. लहानपणी बाबा मला खांद्यावर घेऊन दाखवायचे. 2019 च्या ऑगस्टातल्या मोठ्या पुरात मी पंचवटीतच होते, घाटापासून चालत दहा मिनिटांवर. सगळी गल्ली बघून आली, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत असे आकडे जिन्यातून वर येत राहिले आणि मी त्यावरून चित्र जुळवत राहिले. इथे आल्यावर एका पावसाळ्यात म्हटलं, मावशी, जायचं. रिक्षात मी, मागे घडी केलेली खुर्ची. पुलापाशी पोचलो तर गर्दी, चिखल, वर रिपरिप. पाणी मारुतीच्या मांड्यांपर्यंतच होतं, म्हणजे सांगण्यासारखंही काही नाही. एक ओळखीचे गृहस्थ छत्री सावरत जवळ आले आणि कळवळून मावशींना म्हणाले, “यांना कशाला आणलं एवढ्या पावसात?” मावशी म्हणाल्या, “मी नाही आणलं, त्यांनी मला आणलं.” मग आम्ही भजी खाल्ली. इतकी वर्षं मी कामाशिवाय घराबाहेर पडले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मागच्या गणपतीत सोसायटीची पोरं वर्गणी मागायला आली. पितळी पट्टीपाशी थबकली, आत बघून एक दुसऱ्याला म्हणाला, राहू दे, नंतर येऊ. मी म्हटलं, का रे, माझी पावती नाही का फाडायची? 501 ची पावती फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली आहे. तिच्यासाठी खिळा ठोकावा लागला नाही. बाकी नऊ खिळे आहेत, त्यातले तीन रात्री कूस बदलायच्या दोरीचे.

आता त्यांचा हिशोब करायची वेळ आली आहे. बाईंच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि त्यांना घर हवंय. फोनवर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. करार जूनपर्यंत आहे. “उंबरा आहे ना हो नीट?” असं त्यांनी जाता जाता विचारलं. मावशींनी काल तो खाली काढला, गोणपाट सोडलं आणि रॅम्पवर उन्हाला टाकला. भोकं बुजवायला लांबी आणायची आहे. एजंट तोच आहे, त्या वेळी लहान मुलं घाबरतील म्हणाला होता तो. सकाळी त्याचा फोन आला. पाथर्डी फाट्याला एक घर आहे, बाहेर एकच पायरी, सहा इंच.

“आणि बाथरूमचं दार सव्वीस आहे ताई,” तो म्हणाला. “मीच मोजलं.”